पहिल्या महायुद्धातील पणजोबांची पलटण शोधताना या चुका टाळा

पदकाच्या कडेवरचा पलटणीचा क्रमांक वाचायचा आणि त्यावरून लगेच पणजोबांची युद्धकथा लिहून मोकळे व्हायचे, ही घाई मी फार वेळा पाहिली आहे. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी तिथल्या कूट या गावाला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी या डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांनी सुमारे १३,००० माणसांसह शरणागती पत्करली, म्हणून यांपैकी कोणताही क्रमांक दिसला की पणजोबा कूटला कैद झाले असे ठरवले जाते. पलटण कैदेत गेली तरी तिचा क्रमांक मात्र संपला नाही. त्याच क्रमांकाने ती पुन्हा उभी करण्यात आली.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरी देवघरातल्या डब्यात ११० क्रमांकाचे चांदीचे पदक होते. वेढ्यातली उपासमार आणि तुर्कांची कैद यांचा मजकूर ठरला होता, फलक कोरायलाही दिला होता. मी कागद मागितले, तेव्हा ट्रंकेच्या तळातून सैन्यातून सुटल्याचा जीर्ण दाखला निघाला आणि त्यावर भरतीचे साल होते १९१७. घरातल्या आजी एवढेच म्हणाल्या, "मग ते होते तरी कुठं?" खरा शोध या प्रश्नापासून सुरू होतो, पण फलकाची घाई असलेल्यांना तो विचारायचाच नसतो. तेव्हापासून मी वहीच्या पानावर भरतीचे आणि सुटकेचे साल आधी लिहितो. ती दोन्ही मिळेपर्यंत एकाही लढाईचे नाव त्या पानावर येत नाही.

दुसरी चूक भारतीय सैन्याच्या १९२२ च्या फेररचनेची. त्या वर्षी ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आकाराला आली आणि १०३ तिची पहिली, ११० तिसरी, तर ११७ पाचवी बटालियन झाली. कागदावर '३/५' दिसले की लोक तो अपूर्णांक समजतात किंवा तिसरी ते पाचवी बटालियन असे वाचतात. प्रत्यक्षात आधीचा आकडा बटालियनचा आणि नंतरचा रेजिमेंटचा असतो. जुलै १९४४ मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे याच ३/५ चे, म्हणजे जुन्या ११० च्या वारशातले होते.

'आजोबा बसऱ्याला होते' ही आठवण खरी असली तरी पुरेशी नसते, कारण मेसोपोटेमियाला जाणारे सैन्य त्याच बंदरात उतरत असे.

मराठा पलटणीत सगळे मराठेच, असेही गृहीत धरू नये. दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही त्यांत होत्या.

आणि कृपा करून पदक चिंचेने घासू नका. कडेवरची अक्षरे उथळ असतात आणि दर दसऱ्याला घासून ती पुसट होत जातात. मी कडेला नुसता कोरडा मऊ कपडा लावतो, बॅटरीचा उजेड तिरपा धरतो आणि जे अक्षर दिसेल तेच, स्पेलिंग चुकीचे वाटले तरी न सुधारता, पेन्सिलीने उतरवून घेतो.