पांढऱ्या पेशी रोल होत नाहीयेत? सिलेक्टिन-गॅलेक्टिनच्या प्रयोगात या चुका टाळा

सूज आली की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण जोरात वाहणाऱ्या रक्तातून पेशी थांबते कशी असं विचारलं की बरेच जण थेट केमोकाइन (पेशींना बोलावणारे संदेश) आणि इंटिग्रिनवर (घट्ट चिकटवणारी प्रोटीन) उडी मारतात. त्याच्या आधीची पायरी साखरेची आहे. पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, म्हणजे ग्लायकॅन, आणि त्या ओळखून धरणारी प्रोटीन म्हणजे लेक्टिन. त्यातली सिलेक्टिन पेशीला रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे एंडोथेलियमवर, घरंगळत ठेवतात, तेच रोलिंग; पी आणि ई-सिलेक्टिन अस्तरावर असतात, एल-सिलेक्टिन पांढऱ्या पेशीवर. ही पकड हलकी असते, क्षणात सुटते, परत लागते, आणि प्रयोगात ती हातातून निसटते तीही याचमुळे. मी पाहिलेले बहुतेक फसलेले प्रयोग कॅल्शियम, प्रवाह किंवा वेळ यातलं काहीतरी विसरल्यामुळे फसलेत, पेशी बिचाऱ्या ठीक होत्या.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक रक्ताच्या ट्यूबची. सिलेक्टिनला साखर धरायला कॅल्शियम लागतंच, आणि रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए कॅल्शियम पकडून बसतं. माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेत. फ्लो चेंबर (वाहत्या द्रवात पेशी बघायची पातळ पेटी) मायक्रोस्कोपखाली लावलेला, खाली पी-सिलेक्टिनचा कोट, पंप चालू, आणि स्क्रीनवर न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, नुसत्या पुसट रेषा होऊन सुसाट निघून जातायत, एकही अडखळत नाही. आधी कोटिंगवर शंका घेतली, मग पंपावर, शेवटी बफरची बाटली हातात घेतली तर लेबलवर ईडीटीए. पेशी धुऊन कॅल्शियमवाल्या बफरमध्ये घेतल्यावर काही मिनिटांत त्याच पेशी गोल दिसायला लागल्या, थांबत-थांबत सरकणाऱ्या, ते बघताना अजूनही भारी वाटतं. सायट्रेट या दुसऱ्या गोठणरोधकाचंही तेच, नीट धुवा आणि मग कॅल्शियम परत द्या, प्लाझ्मा राहिला तर गुठळी होईल. बरं, मग हेपरिन ट्यूब घ्यावी का? तिथेही जरा जपून, कारण हेपरिन स्वतःच पी आणि एल-सिलेक्टिनला चिकटतं, त्यामुळे तेही धुऊन काढायचंच.

दुसरी चूक म्हणजे साध्या प्लेटमध्ये पेशी ओतून ठेवायच्या आणि किती चिकटल्या ते मोजायचं. त्यात चिकटणं मोजता येतं, रोलिंग नाही. एल-सिलेक्टिनवरचं रोलिंग तर प्रवाहाचा ताण एका मर्यादेच्या वर गेल्यावरच दिसतं, पंप हळू केला की पेशी उलट सुटून जातात. ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. सिलेक्टिनचा बंध एका हद्दीपर्यंत ओढला की जास्त वेळ टिकतो, याला कॅच बाँड म्हणतात, आणि पी-सिलेक्टिन व पीएसजीएल-१ (पांढऱ्या पेशीवरचा त्याचा जोडीदार) मध्ये तो २००३ साली थेट मोजून दाखवला गेला. म्हणून "प्रवाह कमी केला तरी रोलिंग वाढलं नाही" असा निकाल आला तर लगेच प्रयोग फेकून देऊ नका.

मग वेळ. पी-सिलेक्टिन एंडोथेलियममध्ये आधीच तयार असतं, वायबेल-पालाडे बॉडी नावाच्या पिशव्यांमध्ये साठवलेलं, हिस्टामीन किंवा थ्रॉम्बिन मिळालं की मिनिटांत पृष्ठभागावर येतं आणि थोड्या वेळात परत आत जातं. ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, टीएनएफ-अल्फा हा सूज वाढवणारा संदेश दिल्यावर साधारण ४ ते ६ तासांनी भरपूर दिसतं. १० मिनिटांनी ई शोधणं आणि रात्रभर ठेवून पी शोधणं, दोन्ही फुकट. आणि एक गोष्ट खूप जणांना नडते, उंदरात टीएनएफमुळे पी-सिलेक्टिनचं नवीन उत्पादनही वाढतं, माणसाच्या एंडोथेलियममध्ये तसं होत नाही, त्यामुळे उंदराच्या पेपरमधला टाइमटेबल उचलून मानवी पेशींवर लावला की निकाल जुळत नाही आणि आपण उगाच अँटीबॉडीला दोष देत बसतो.

पेशी वेगळ्या करतानाच एल-सिलेक्टिन गळून जाणं हीसुद्धा नेहमीची भानगड. पेशी जरा जरी ॲक्टिव्हेट झाली की एडीएएम-१७ नावाचं एन्झाइम ते कापून टाकतं, मग तुम्ही एल-सिलेक्टिनचा अभ्यास एल-सिलेक्टिन नसलेल्या पेशींवर करता. प्रयोगाआधी थोड्या पेशी सीडी६२एल (एल-सिलेक्टिनचंच दुसरं नाव) साठी फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रात, बघून घ्या, एवढंच.

आता गॅलेक्टिन, लेक्टिनचंच दुसरं कुटुंब. यांना कॅल्शियम लागत नाही, गॅलॅक्टोज असलेल्या साखळ्या धरतात. त्यामुळे एक सोपी खूण मिळते, बंध ईडीटीएने सुटला आणि लॅक्टोजने नाही तर संशय सिलेक्टिनसारख्यावर, लॅक्टोजने सुटला आणि सुक्रोजने नाही तर गॅलेक्टिनवर. सुक्रोजचा कंट्रोल मात्र लॅक्टोजइतक्याच प्रमाणात हवा, नाहीतर नुसत्या ऑस्मोटिक ताणाचा परिणाम तुम्ही गॅलेक्टिनच्या नावावर टाकाल. गॅलेक्टिन-१ ऑक्सिडाइझ झालं की साखर धरणं सोडतं, म्हणून फ्रीजमधली जुनी ट्यूब "काम करत नाही" असं वाटतं. ई-कोलाय जिवाणूत बनवलेल्या प्रोटीनमध्ये त्या जिवाणूचं विष, एंडोटॉक्सिन, राहिलं तर न्यूट्रोफिल त्यानेच भडकतात, ते तपासल्याशिवाय गॅलेक्टिनवर काहीही लिहू नये असं माझं ठाम मत आहे. डोस जास्त झाला की पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, ते मोजणीत चिकटलेल्या पेशी म्हणून धरले जातात.

आणि गॅलेक्टिन-१ चांगलं, गॅलेक्टिन-३ वाईट अशी वाटणी करू नका. गॅलेक्टिन-१ बऱ्याच मॉडेलमध्ये न्यूट्रोफिलचं येणं कमी करतं, गॅलेक्टिन-३ बऱ्याचदा वाढवतं, हे खरं, पण पेशीच्या आतलं आणि बाहेरचं गॅलेक्टिन वेगळी कामं करतं, त्यामुळे नॉकआउट उंदीर (ज्यांच्यातलं ते जनुकच बंद केलंय) आणि बाहेरून दिलेलं प्रोटीन यांचे निकाल जुळलेच पाहिजेत असा हट्ट नको.

शेवटची चूक रिपोर्ट वाचण्याची. रक्तात न्यूट्रोफिल खूप आहेत म्हणजे बचाव मजबूत, असं नाही. १९९२ मध्ये एलएडी-२ हा पांढऱ्या पेशी चिकटण्यातल्या दोषाचा जन्मजात आजार नोंदवला गेला, त्यात पेशीला फ्युकोज ही साखर नीट वापरता येत नाही, मग सिलेक्टिन जिला धरतात ती सायलिल लुईस-एक्स ही साखळी बनत नाही आणि सिलेक्टिनला धरायला काही उरत नाही. मुलाला वारंवार इन्फेक्शन, काउंट प्रचंड, आणि जखमेत पू नाही, कारण पेशी रक्तातच अडकलेल्या. रक्तगटाचा एच अँटिजेनही फ्युकोजवरच बनतो, म्हणून या मुलांचा रक्तगट बॉम्बे, म्हणजे एच अँटिजेनच नसलेला, निघतो. काही मुलांना तोंडाने फ्युकोज दिल्यावर सिलेक्टिनची पकड परत आली, काहींना उपयोग झाला नाही. तेव्हा असा काउंट दिसला आणि सीडी१८ (इंटिग्रिनचा एक भाग) नॉर्मल आलं तर फाइल बंद करू नका, सीडी१५एस (म्हणजे सायलिल लुईस-एक्सच) करून घ्या आणि रक्तगटाचा कागद पुन्हा एकदा काढून बघा.