व्हिम उघडा, बाहेर पडा, मग हवा तसा करून घ्या

व्हिम हा कीबोर्डवरूनच चालवायचा टेक्स्ट एडिटर. तो पहिल्यांदा उघडणारा अडकतो तो बाहेर पडताना. म्हणून आधी तेवढं शिकून घ्या.

टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, व्हिम, स्पेस आणि फाइलचं नाव लिहून एंटर दाबा. (सगळे हुकूम अर्थातच रोमन अक्षरांत.) आता कळा दाबल्या तरी अक्षरं उमटणार नाहीत, कारण इथे प्रत्येक कळ हुकूम असते. एक्स दाबलं की कर्सरखालचं अक्षर जातं, डी दोनदा दाबलं की अख्खी ओळ. चुकलात तर यू. लिहायला आय दाबा, लिहून झालं की एस्केप. मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर: सेव्ह करून बाहेर. पार घोळ झाला असेल तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह; काहीही सेव्ह न होता सुटका.

मराठीत लिहिणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. कीबोर्ड मराठीवरच राहिला तर एस्केपनंतर एकही हुकूम चालत नाही. मीही एकदा व्हिम बिघडला समजून खिडकीच बंद केली होती. आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

आता सजावट. कोलन देऊन 'सेट नंबर' लिहिलंत की ओळींना क्रमांक येतात, पण पुन्हा उघडल्यावर गायब. कायमचे हवे असतील तर होम फोल्डरमध्ये 'व्हिमआरसी' नावाची फाइल करा. नावाआधी टिंब, विंडोजवर अंडरस्कोअर चालतो. तीत तीच ओळ कोलनशिवाय लिहा.

एक खोच आहे. व्हिम ८ पासून, तुमची व्हिमआरसी नसेल तर व्हिम स्वतःची 'डिफॉल्ट्स' फाइल वाचतो. तुमची व्हिमआरसी आली की तो डिफॉल्ट्स वाचत नाही आणि कोडचे रंग अचानक जाऊ शकतात. 'सिंटॅक्स ऑन' ही ओळ घाला, रंग परत येतील.

शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नको असेल तर 'सेट इग्नोरकेस'. सोबत 'स्मार्टकेस' दिलंत तर शोधायच्या शब्दात मोठं अक्षर असेल तेव्हाच भेद पाळला जातो. नुसत्या स्मार्टकेसने काही होत नाही.

एस्केप लांब वाटते ना? प्रोग्रामर बिल जॉयने १९७६ मध्ये व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिला. तो ज्या टर्मिनल यंत्रावर काम करायचा, त्याच्या कीबोर्डवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती.

दुसऱ्याची तीनशे ओळींची व्हिमआरसी उचलून आणू नका. गरज पडेल तशी एकेक ओळ घाला. आणि एखाद्या ओळीने व्हिम रुसलाच, तर तो उघडताना हायफन, यू, स्पेस आणि कॅपिटलमध्ये 'नन' (एन, ओ, एन, ई) लिहा. तुमची व्हिमआरसी न वाचता उघडेल, मग ती ओळ काढून टाका.