संस्थेच्या विश्वस्त मंडळासाठी माणसे कशी निवडावीत

नाशिकमधल्या कोणत्याही नोंदणीकृत सामाजिक संस्थेची फाईल उघडली, की कार्यकारी मंडळाच्या यादीत नाव, पत्ता, वय, राष्ट्रीयत्व, व्यवसाय आणि पद असे रकाने दिसतात. व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘नोकरी’, ‘शेती’, ‘व्यापार’, ‘गृहिणी’ किंवा ‘सेवानिवृत्त’ एवढीच नोंद असते. नोंदणीपुरती ती पुरते. मंडळावर कोण असावे हे ठरवताना मात्र तिचा उपयोग होत नाही. ‘नोकरी’ करणारी व्यक्ती सातपूरच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते, नाशिकरोडच्या नोट मुद्रणालयात काम करते की जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे त्यातून कळत नाही, आणि संस्थेला गरज असते ती नेमकी हा फरक समजण्याची. पद आणि पदवी पाहून मंडळ भरले, तर यादी भारदस्त दिसते, पण सभेत प्रश्न आला की उत्तर देणारे कोणी नसते. म्हणून निवडीची सुरुवात माणसांपासून न करता संस्थेपुढे येणाऱ्या निर्णयांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी इतिवृत्त वाचावे

मागील दोन वर्षांचे इतिवृत्त पुस्तक घेऊन बसावे आणि सभेपुढे आलेला प्रत्येक विषय वेगळ्या कागदावर उतरवावा. ज्या विषयापुढे ‘पुढील सभेत विचार करावा असे ठरले’ हे वाक्य दोनदा किंवा तीनदा आले असेल, त्याखाली रेघ ओढावी. मंडळाला ज्ञान कोठे कमी पडते, हे त्या रेघांवरून स्पष्ट दिसते. समजा, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील मुलींसाठी शहरात वसतिगृह चालवणारी एक संस्था आहे. तिच्या इतिवृत्तात इमारतीचा भाडेकरार, अधीक्षिकेची नेमणूक, धान्य आणि भाजीपाल्याचा खर्च, मुलींची आरोग्य तपासणी, देणगीच्या पावत्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत न येणाऱ्या मुली असे विषय असतील. यांपैकी कोणत्या विषयावर बोलायला मंडळात जाणते माणूस आहे आणि कोणता विषय केवळ अध्यक्षांच्या अंदाजावर सुटतो, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे.

त्यानंतर संस्थेची नियमावली पाहावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था स्थापन करण्यासाठी किमान सात व्यक्ती लागतात. मंडळाची संख्या, मुदत आणि निवडीची पद्धत मात्र नियमावलीत दिलेली असते, आणि तिच्याबाहेर जाऊन केलेली निवड पुढे सार्वजनिक संस्थांची नोंद आणि देखरेख करणाऱ्या धर्मादाय कार्यालयात अडते. लहान आणि मध्यम संस्थेला नऊ ते अकरा जणांचे मंडळ सोयीचे पडते. त्याहून मोठ्या मंडळात गणपूर्तीसाठी फोन करण्यातच सचिवांचा वेळ जातो.

हिशेब जाणणारी व्यक्ती

प्रत्येक मंडळाला हिशेब वाचता येणारी किमान एक व्यक्ती हवी, आणि ती सनदी लेखापाल असेल तर चांगलेच. मात्र येथे एक गैरसमज फार प्रचलित आहे. आपले ‘सीए साहेब’ विश्वस्त झाले, की ऑडिटही तेच विनामूल्य करून देतील, असे अनेक संस्था गृहीत धरतात. तसे चालत नाही. विश्वस्त असलेल्या लेखापालाला, तसेच विश्वस्तांच्या नातेवाईक असलेल्या लेखापालाला त्या संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालावर आयकर कायद्यानुसार सही करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण उघड आहे: ज्याने खर्चाला मंजुरी दिली, त्यानेच तो खर्च तपासला तर तपासणीला अर्थ उरत नाही. म्हणून लेखापाल मंडळावर घ्यायचा असेल, तर लेखापरीक्षक बाहेरचाच नेमावा आणि त्याची फी अंदाजपत्रकात धरावी.

मग मंडळावरच्या लेखापालाने काय करावे? त्याने दर तीन महिन्यांनी जमाखर्च आणि बँकेचे उतारे समोर ठेवून इतर सदस्यांना समजेल अशा भाषेत परिस्थिती सांगावी. रोख दिलेल्या देणगीवर दोन हजार रुपयांपुढे देणगीदाराला करसवलत मिळत नाही, करसवलतीची मान्यता असलेल्या संस्थेला देणगीदारांचे वार्षिक विवरण आयकर विभागाकडे दाखल करावे लागते, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेबांचे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, या गोष्टी वेळेवर लक्षात आणून देणे हे त्याचे खरे काम आहे. सनदी लेखापाल मिळाला नाही, तर बँकेतून किंवा पतसंस्थेतून निवृत्त झालेली, व्हाऊचर आणि ताळेबंद रोज हाताळलेली व्यक्ती हे काम उत्तम करते. वार्षिक अहवालावर पदवी छापण्यापेक्षा हा रोजचा सराव अधिक महत्त्वाचा मानावा.

व्यापारी आणि उद्योजक मंडळावर असणे हितावह असते, कारण त्यांना दर ठरवता येतात आणि निर्णय लवकर घेता येतो. परंतु त्यांची एक सवय संस्थेत अडचण आणते. महिनाअखेर पगाराला पैसे कमी पडले, की ते स्वतःच्या खिशातून हातउसने देतात आणि नंतर परत घेतात. हेतू चांगला असला तरी विश्वस्त व्यवस्थेसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि असे व्यवहार लेखापरीक्षणात प्रश्न निर्माण करतात. ज्यांना पैसे द्यायचे आहेत, त्यांनी ते देणगी म्हणून द्यावेत आणि पावती घ्यावी, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावे.

कायदा आणि मालमत्ता

वकील मंडळावर हवाच, असे मला वाटत नाही. परंतु संस्थेच्या नावावर जागा, इमारत किंवा शेतजमीन असेल, तर मालमत्तेचा कायदा जाणणारी व्यक्ती हवी. १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, बदलून देणे किंवा दान देणे याला पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी हाच नियम लागू होतो. गंगापूर रोडवरचे सभागृह एखाद्या कोचिंग क्लासला पाच वर्षांच्या कराराने द्यावे, असा प्रस्ताव सभेत उत्साहाने येतो. चांगले भाडे दिसत असल्यामुळे सगळे माना डोलावतात, आणि त्या क्षणी ‘थांबा, याला परवानगी लागेल’ असे म्हणणारी एक व्यक्ती मंडळावर असली, तर संस्था पुढच्या मोठ्या त्रासातून वाचते. वकील विश्वस्ताने संस्थेची प्रकरणे फी घेऊन चालवायची का, हा प्रश्न नेमणुकीपूर्वीच सोडवावा. माझ्या मते चालवू नयेत. चालवायचीच असतील, तर फी वाजवी असावी, ठराव लेखी असावा आणि त्या विषयावर त्यांनी मतदान करू नये.

मुलांसाठी किंवा महिलांसाठी काम असेल, तर कायद्याची जाण आणखी एका कारणासाठी लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे ‘आधी मंडळात चर्चा करू’ असे म्हणण्याला जागा नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीही नेमावी लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असावा लागतो.

औद्योगिक वसाहतीतील माणसे

सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत मनुष्यबळ, खरेदी, सुरक्षा किंवा गुणवत्ता विभाग सांभाळलेली माणसे नाशिकमध्ये मोठ्या संख्येने आहेत, आणि सामाजिक संस्था त्यांच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहत नाहीत. तीन ठिकाणची दरपत्रके मागवणे, साठा नोंदवही ठेवणे, नेमणुकीच्या पत्रात अटी लिहिणे हे त्यांच्या हातात बसलेले असते. शिवाय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. तो निधी मागताना प्रस्तावात काय लिहावे आणि काय मोजून दाखवावे, हे कंपनीत काम केलेल्या माणसाला आतून माहीत असते. मात्र विश्वस्त ज्या कंपनीत नोकरीला आहेत तिच्याकडेच निधी मागायचा असेल, तर त्यांनी ते संबंध लेखी जाहीर करावेत आणि त्या ठरावाच्या वेळी सभेबाहेर बसावे.

डॉक्टर, पत्रकार आणि निवृत्त अधिकारी यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. संस्थेचे काम आरोग्याचे नसेल, तर डॉक्टरांना मंडळावर घेण्याऐवजी सल्लागार म्हणून जोडावे, कारण त्यांना सभेसाठी वेळ काढणे खरोखर कठीण जाते. निवृत्त अधिकाऱ्यांना शासकीय कार्यालयातील कागद कसा पुढे सरकतो हे ठाऊक असते, आणि तो अनुभव मोलाचा आहे. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांनी मात्र आपल्या सेवाशर्ती पाहून, लागत असेल तर परवानगी घेऊनच पद स्वीकारावे. शिक्षक आणि मुख्याध्यापक आपल्याकडे सहज मिळतात, कारण या शहरात शिक्षणसंस्थांची परंपरा शतकाहून जुनी आहे. इतिवृत्त नीट लिहिणे आणि सभा वेळेवर सुरू करणे ही त्यांची देणगी असते, पण अकरापैकी सात जण शिक्षक असतील, तर प्रत्येक प्रश्नाकडे शाळेच्या नजरेने पाहिले जाते.

ज्यांच्यासाठी काम, त्यांच्यातील माणूस

वरच्या वसतिगृहाच्या मंडळात सुरगाण्याच्या पाड्यावरील एकही व्यक्ती नसेल, तर ते मंडळ अपुरे आहे, मग त्यात कितीही पदवीधर असोत. पेठ-सुरगाण्याची अनेक कुटुंबे भातकापणी आटोपली की दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. कोणत्या मुली दिवाळीनंतर वसतिगृहात परत येणार नाहीत आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी कोणाला थांबवून घेतले जाईल, हे त्या गावातली अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा बचत गटाची अध्यक्षा आधीच सांगू शकते. हे ज्ञान अहवालातून मिळत नाही. मंडळाने त्याला लेखापालाच्या ज्ञानाइतकाच मान द्यावा आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ किंवा ‘मजुरी’ असे लिहून थांबू नये. ‘बारा वर्षे बचत गटाचे हिशेब सांभाळले’ असे असेल तर तसे परिचयात लिहावे.

अशा सदस्याला नुसते यादीत बसवणे हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे. सभा संध्याकाळी सातला ठेवली, तर सुरगाण्याला परतायला एसटी कोठून मिळणार? सभा दुपारी ठेवावी, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याचा ठराव करावा, कागद मराठीत आणि चार दिवस आधी द्यावेत, आणि चर्चेत त्या ताईंना सुरुवातीलाच बोलते करावे. अध्यक्ष बोलून झाल्यावर ‘ताई, तुम्हाला काही सांगायचे आहे का’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येते.

विचारणा आणि पारख

नाव सुचले की लगेच ठराव करू नये. अध्यक्ष आणि आणखी एका सदस्याने भेटून मागील काही वर्षांत त्यांनी स्वतः पूर्ण केलेले एखादे काम विचारावे, आणि त्यात त्यांचा वाटा नेमका कोणता होता हे समजून घ्यावे. महिन्याला किती वेळ देता येईल, आणखी किती संस्थांच्या मंडळांवर ते आहेत, संस्थेशी त्यांचा किंवा कुटुंबाचा आर्थिक व्यवहार आहे का, आणि एखाद्या ठरावाला विरोध असेल तर ते सभेत बोलतील का, हेही मोकळेपणाने विचारावे. शेवटचा प्रश्न अनेकांना अवघड वाटतो, पण उत्तरावरून बरेच कळते. त्यानंतर निमंत्रित म्हणून दोन सभांना बोलवावे. राजकीय पदावरील व्यक्तीला घेताना निवडणुकीच्या काळात संस्थेचे व्यासपीठ, वाहन आणि नाव वापरले जाणार नाही, हे लेखी ठरवून घ्यावे.

परिचय लिहिताना

वार्षिक अहवालात विश्वस्तांचा परिचय लिहिताना ‘ज्येष्ठ समाजसेवक’ आणि ‘सुप्रसिद्ध उद्योजक’ ही विशेषणे टाळावीत. त्याऐवजी असे लिहावे: ‘अंबड येथील यंत्रभाग कारखान्यात अठरा वर्षे खरेदी विभागाचे काम पाहिले. संस्थेत वसतिगृहाच्या खरेदी समितीचे प्रमुख. धान्य आणि किराणा यांचे वार्षिक दर ठरवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे.’ एवढ्या तीन वाक्यांत देणगीदाराला ही व्यक्ती मंडळावर का आहे ते कळते. मजकूर छापण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, आणि घरचा पत्ता, आधार क्रमांक किंवा वैयक्तिक दूरध्वनी क्रमांक देऊ नये.

निवड झाल्यानंतर कागदपत्रांत कुचराई करू नये. विश्वस्तांत झालेला बदल १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्जाद्वारे धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. सभेची नोटीस, उपस्थितांच्या सह्या, ठराव, नव्या सदस्यांची संमतीपत्रे आणि मावळत्या सदस्यांचे राजीनामे असतील तर ते एकत्र लावून सचिवांनी महिन्याभरातच अर्ज सादर करावा, कारण एक जुना बदल अर्ज प्रलंबित राहिला की पुढचे बदलही त्याच्यामागे अडकतात. धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, म्हणजे अनुसूची एकवर, नवी नावे चढली, की तिची प्रमाणित प्रत घेऊन बँकेतील सह्यांचे अधिकार, आयकर विभागाचे पोर्टल आणि नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरील माहिती त्याच आठवड्यात बदलून घ्यावी.