दोन मॉनिटर, आवाज एकातूनच? या चुका टाळा

"चित्र दोन्हीकडे दिसतंय, मग आवाज एकाच मॉनिटरमधून का?" असं विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली नवी केबल असते. पैसे आधी खर्च होतात, विचार नंतर.

विंडोजमध्ये 'डुप्लिकेट' केलं, म्हणजे दोन्ही मॉनिटरवर एकच पडदा दाखवला, की प्रत निघते ती चित्राची. आवाजाची निघत नाही. विंडोजच्या लेखी प्रत्येक मॉनिटर हे आवाजाचं वेगळं उपकरण असतं आणि त्यातलं एकच डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडलेलं, असतं. म्हणून आधी साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुटची यादी उघडा. तुमच्या दोन्ही मॉनिटरची नावं तिथे आहेत का? असतील तर केबल ठीक आहे, फक्त निवड करायची आहे. नाव नसेल तरच पुढची शोधाशोध.

ही यादी न बघण्यापायी दादरच्या एका क्लासमध्ये माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. भर पावसाळ्याचे दिवस, दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बॅच. एका संगणकातून स्प्लिटर (एकच सिग्नल अनेक मॉनिटरना वाटणारी डबी) लावून तीन मॉनिटर जोडलेले, तिन्हीवर चित्र स्वच्छ, आवाज मात्र कुठेच नाही. सरांनी माझ्याआधी दोघांना बोलावलं होतं. दोघांनीही ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला होता. मीही तेच केलं. दोन तास गेल्यावर यादी उघडली, तर तिथे एकाही मॉनिटरचं नाव नव्हतं.

मग मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं. स्प्लिटरच्या एक नंबरच्या पोर्टला जो मॉनिटर होता, त्याला ना स्पीकर, ना हेडफोनचं भोक. मॉनिटर जोडला की तो स्वतःची माहिती संगणकाला कळवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. बरेच स्वस्त स्प्लिटर फक्त पहिल्या पोर्टवरच्या मॉनिटरची माहिती पुढे पाठवतात. त्याने 'मला आवाज नको' म्हटलं की संगणक कोणालाच आवाज पाठवत नाही. एक आणि दोन नंबरच्या केबल्स आपसात बदलल्या. पडदे क्षणभर काळे झाले, परत उजळले आणि यादीत नाव आलं. तेव्हापासून मी मॉनिटर एकेक करून जोडतो, प्रत्येकाचा आवाज वाजवून बघतो आणि केबलला नावाची चिकटपट्टी लावतो. पाच मिनिटं जास्त लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांच्याकडेच मला दुसऱ्यांदा जावं लागतं.

स्प्लिटर न वापरता दोन मॉनिटरमधून एकच आवाज हवा असेल, तर विंडोजमध्ये 'स्टीरिओ मिक्स' (संगणकात वाजणारा आवाज पकडणारी सोय) चालू करून 'लिसन'वर (तो दुसऱ्या उपकरणावर वाजवणारा पर्याय) टिक मारायची युक्ती सगळे सांगतात. मला ती पसंत नाही. दुसरा आवाज किंचित मागे पडतो आणि एकाच खोलीत बोलणं घुमायला लागतं. त्यापेक्षा मॉनिटरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून एक बरा स्पीकर लावा. मॅकवाल्यांचं बरं आहे. 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवून एकच आवाज अनेक उपकरणांना देता येतो. दुसऱ्या मॉनिटरपुढे, दोन्ही आवाज जुळून राहावेत म्हणून, 'ड्रिफ्ट करेक्शन'ची टिक मारायला मात्र विसरू नका. त्यानंतर कीबोर्डवरची आवाजाची बटणं चालत नाहीत, तो बिघाड समजू नये.

एका मॉनिटरवर सिनेमा आणि दुसऱ्यावर मीटिंग असेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगवेगळ्या मॉनिटरला देता येतो. विंडोज ११ मध्ये साउंडच्या सेटिंगमधल्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये बघा, विंडोज १० मध्ये तिथल्याच 'अ‍ॅप व्हॉल्यूम अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस'मध्ये.

व्हीजीए या जुन्या प्रकारच्या केबलमधून आवाज जात नाही, कितीही महाग घेतली तरी. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला आवाज शून्यावर नाही ना, हे आधी तपासा. मॉनिटर झोपी गेला की त्याचं नाव यादीतून जाऊ शकतं आणि आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर उडी मारतो. मॉनिटर जागा करून पुन्हा निवडा, ड्रायव्हरला हात लावू नका.