रब्बी ज्वारी: दाट पेरायचा मोह आणि सोडून दिलेली तिसरी कोळपणी

संक्रांतीच्या सुमाराला दरवर्षी कुणीतरी बोटाएवढं कणीस घेऊन येतो आणि विचारतो, "दादा, खत कमी पडलं काय?" खत नाही बाबा, दाटी झाली.

आमची मंगळवेढ्याकडची कोरडवाहू ज्वारी हस्ताच्या पावसानं मुरलेल्या ओलीवर चार महिने काढते. वरून पुन्हा पाणी मिळेलच असं नाही. ओल ठरलेली; ताटं (ज्वारीची धाटं) वाढली की वाटा कमी. एकरी 4 किलो बी पुरतं. पण चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरली की हात आखडत नाही.

मीही केलंय. शेत माझ्या हातात आलं त्या पहिल्याच साली एकरी 7 किलो पेरलं. उगवण अशी झाली की बांधावरनं जाणारा थांबून बघायचा. आई विरळणीसाठी मागं लागली, पण हिरवीगार रोपं उपटवेनात. डिसेंबर सरता सरता खालची पानं वाळली आणि निम्मी कणसं पोटरीतच, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणातच, अडकली. मळणीला पोत्यांपेक्षा ताडपत्रीच मोठी दिसत होती.

आता उगवून 10-12 दिवस झाले की मी स्वतः विरळणीला बसतो. ओळी दीड फुटावर, रोपात 6 इंच. पोंगा (मधला कोवळा शेंडा) वाळलेली रोपं आधी काढतो. धरून ओढला की पोंगा अलगद हातात येतो, बुडाला कुजका वास. ती खोडमाशी. उपटलेली रोपं जनावरांपुढं टाकू नका. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, लागते, बघता बघता गाय जाते.

दुसरं दुखणं: "तणनाशक मारलंय, रान स्वच्छ आहे, मग कोळपायचं कशाला?" अरे, कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं, काय नुसती तणासाठी असते? काळं रान वाळलं की भेगाळतं. गेल्या साली शेजारच्या रानात भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. साठवलेली ओल तिथूनच उडते, कोळपलं की त्या भेगा बुजतात. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यातली कोळपणी लोक करतात. आठव्या आठवड्यातली, दातेरी कोळप्याची, हमखास सोडतात, ताटं मोडतात म्हणून. बैलांना मुसक्या बांधा, सावकाश हाका. चार ताटं मोडली तर मोडली. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती.

बाकीच्या चुका उरकतो. काणी (कणसातले दाणे काळे करणारा रोग) येऊ नये म्हणून किलोभर बियाला 4 ग्रॅम गंधक चोळायचं असतं. पाच मिनिटांचं काम, तेही होत नाही. पेरणी 15 ऑक्टोबरच्या पुढं ढकलू नका. हलक्या, मुरमाड रानात माळदांडी वाणाचा हट्ट नको, फुले अनुराधा किंवा फुले माऊली हे वाण घाला.

आणि दाणा दाताखाली कट्ट वाजल्याशिवाय कणगीत भरू नका. माझ्या चुलत्यानं एकदा पाहुणे यायचे म्हणून घाईनं भरली. आषाढात चुलतीनं शेर भरायला आत हात घातला, तर मुठीत किडे आणि पीठ.