थेरपी चालू आहे, तरी फरक पडत नाही? या चुका टाळा

सोमवारी सकाळी रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतात आणि वर मुलाचं पोट दुखायला लागतं. रविवारी काहीच नव्हतं. सोनोग्राफी होते, काही निघत नाही. मग समुपदेशक. तीन-चार सेशन झाली की घरात प्रश्न येतोच: "नुसतं बोलून काय होणार?"

सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) म्हणजे नुसतं बोलणं, हाच पहिला गैरसमज. मुलांच्या चिंताविकारात या थेरपीचा गाभा म्हणजे भीतीची शिडी. आधी सुट्टीच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत, मग मैदानात, मग वर्गात एकच तास. प्रत्येक पायरीला मूल स्वतः भीतीला 0 ते 10 मार्क देतं. फाटकाशी 8 असलेली भीती तिथेच थोडं थांबल्यावर 4 वर आली, हे त्याला अंगाने कळावं लागतं. म्हणून घरचा सराव बुडवू नका.

सगळ्यात महागात पडते ती मायेपोटी होणारी चूक. "बरं, आज नको जाऊस." पोट लगेच थांबतं, आणि टाळलं की बरं वाटतं हा धडा पक्का होतो. दहाव्यांदा "काही होणार नाही रे" म्हणणंही त्यातलंच. त्याऐवजी म्हणा, "भीती वाटतेय, कळतंय मला. पण फाटकापर्यंत जमेल तुला." अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी फक्त आईवडिलांनाच हे शिकवलं, तरी मुलांना सीबीटीइतकाच फायदा झाला.

उलट टोकही नको. पाठीला भोपळा न बांधताच विहिरीत ढकललेलं पोर पाण्याजवळ फिरकत नाही.

दोन सेशनमध्ये समुपदेशक बदलू नका. अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 मुलांचा मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. 12 आठवड्यांत सीबीटीने सुमारे 60 टक्के मुलं बरीच सुधारली, सोबत सर्ट्रालिन हे चिंतेवरचं औषध दिल्यावर 81 टक्के. नुसत्या खोट्या गोळीवर 24. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुचवलं तर "इतक्या लहान वयात गोळ्या?" म्हणून उठून येऊ नका, शंका तिथेच विचारा.

आणि सेशनमधून बाहेर पडताच "काय बोललास आत?" ही उलटतपासणी कृपया नको.

एवढं करूनही गाडी अडली, तर थेरपिस्टना सरळ विचारा की शिडीवर काम सुरू झालंय का. वर्गात कोणी त्रास देतंय का, वाचता-लिहिताना अडतंय का, तेही बघा. मारणारा मुलगा खरोखर मागच्या बाकावर बसत असेल, तर शिडी बाजूला ठेवून आधी वर्गशिक्षिकेला गाठा.