चर्चला रॅम्प बांधताय? या चुका टाळा

खानदेशात चर्चचा रॅम्प बहुधा नाताळच्या तोंडावर बांधला जातो. रंगकाम निघालेलं असतं, गवंडी आलेलाच असतो, दोन-चार पोती सिमेंट उरतं आणि कोणी तरी पंच म्हणतो, "बाजूला एक रॅम्पही टाकून घ्या." असल्या रॅम्पवरून मोटारसायकल मस्त चढते. व्हीलचेअर चढत नाही.

चूक उतारात असते. प्रमाण १:१२ हवं, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्याकडे जोतं उंच असतं. सहा इंचांच्या तीनच पायऱ्या धरल्या तरी उंची दीड फूट, म्हणजे रॅम्प अठरा फुटांचा झाला. तो सहा फुटांत बसवला तर दोघांनी मागून रेटून खुर्ची वर जाते खरी, पण उतरताना बसलेला माणूस पुढे फेकला जातो. समोर जागा नसेल तर भिंतीलगत वळण घ्या, नाहीतर बाजूच्या दाराला रॅम्प द्या. मात्र ते दार दर रविवारी उघडं हवं. उपासना सुरू झाली आणि किल्ली कोणाकडे याचा पत्ता नाही, हे फार चालतं.

रुंदी निदान चार फूट ठेवा. वर दारापुढे पाच बाय पाच फुटांची सपाट जागा सोडा, नाहीतर दार ओढताना खुर्ची मागे घसरते. कठडे दोन्ही बाजूंना, अडीच ते तीन फूट उंचीवर. चकचकीत टाइल्स नकोत, पहिल्याच पावसात कोणी तरी पडेल.

आता काळ्या मातीचं. तापीकाठच्या गावांत ही तक्रार हमखास येते: रॅम्प बांधून वर्ष झालं नाही तोच जोत्यापासून सुटला आणि मध्ये इंचभर खाच पडली. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तिथेच अडकतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जुनं जोतं जागचं हलत नाही, वरवर टाकलेला रॅम्प हलतो. खाचेत सिमेंट भरणं हा एका हंगामाचा इलाज. रॅम्पखालची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने धुम्मस करा आणि पन्हाळीचं पाणी तिथे साचू देऊ नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त व्हीलचेअर डोळ्यांपुढे ठेवणं. गावाकडे प्रत्यक्षात येते ती हाताने चालवायची तीनचाकी सायकल. ती लांब असते, अरुंद वळणावर वळत नाही. म्हणून फाटकाच्या आत सावलीत तिची जागा ठरवा आणि तिथून आत जायला चर्चची स्वतःची व्हीलचेअर ठेवा. काही जण हातांवर सरकत येतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा फरशी आणि स्टीलचा कठडा दोन्ही चटके देतात. वर पत्र्याचं छप्पर टाकणं हा या कामातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च, असं माझं मत आहे.

चपलांकडे कोणाचंच लक्ष जात नाही. जिथे चपला बाहेर काढायची रीत आहे, तिथे ढीग नेमका रॅम्पच्या पायथ्याशी लागतो. चपलांचं कपाट दुसऱ्या बाजूला हलवा. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा जयपूर फूट (कृत्रिम पाय) वापरणाऱ्याला बूट काढायला लावू नका. हे स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा.

आत आल्यावर बसायचं कुठे? बहुतेक ठिकाणी व्हीलचेअर मागच्या भिंतीला लावतात, नाहीतर थेट वेदीसमोर, सगळ्यांच्या नजरेत. मधल्या रांगेतला बाक अर्धा कापून जागा केली तर माणूस घरच्यांच्या शेजारी बसतो. सतरंजीवर बसणाऱ्या मंडळीत दोन-चार खुर्च्या कडेला ठेवा आणि त्यांवर गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांनाही बसू द्या, म्हणजे अपंग माणूस एकटाच उंचावर दिसत नाही. प्रभुभोजनाला पाळकांनी जागेवर यावं की पुढे न्यावं, हे त्या व्यक्तीलाच आधी विचारा.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी स्पीकरचा आवाज वाढवणं उलटं पडतं. पत्र्याच्या छताखाली शब्द घुमतात. आवाज उतरवा, स्पीकर माणसांजवळ आणा, वचन आणि गीत पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवा.

शौचालयाचं दार बाहेर उघडणारं हवं, आत धरायला दांडा हवा, आणि तिथे ढोलक नि सतरंज्या कोंबायच्या नाहीत.

"आपल्याकडे असं येतंच कोण?" हा प्रश्न कमिटीत निघतोच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही येते, एवढं तिथे सांगावं. आणि खोदायच्या आधी चुन्याने आखणी करून ज्यांना हा रस्ता वापरायचा आहे त्यांना सायकलीसकट बोलवावं. वळण कुठे अडतंय ते तेच दाखवतील, आणि चुना पुसून पुन्हा आखायला पैसे पडत नाहीत.